पद्मिनीची नळी

वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी आम्ही टिटवाळ्यात अजून चालवतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा आम्हांला उगाच अभिमान वाटला होता. पुढच्याच उन्हाळ्यात गाडीला पेट्रोलचा वास येऊ लागला. पंपाकडे जाणारी रबरी नळी वाकवताच केसाएवढ्या भेगा उघडल्या. उष्णतेने रबर कडक होतेच. त्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. एखादा थेंब तापलेल्या भागावर पडता, तर अनर्थच होता.

तरीही नळी कापू देण्यास आमचे मन धजेना. ती वडिलांच्या काळची, म्हणजे आमच्या लेखी मूळ संहिताच. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीतले अपपाठ काढले. आम्ही तर मूळ पाठच काढायला निघालो होतो.

मिस्त्रींनी क्लिप सैल केली आणि हसले. "सर, ही कंपनीची नाही. कुणीतरी आधीच बदललीय."

वडिलांखेरीज बदलणार कोण? गाडी चालती राहावी म्हणून त्यांनी जे केले, ते करायला आम्ही आठवडाभर कचरत होतो. आम्ही इथेनॉल सोसणारी नळी आणायला सांगितली.