मुठीतला खळगा

आमच्या अवजारांच्या खोपटात दिवा लावावा असं मला कधी वाटत नाही. हात पुढं करावा आणि बोटांना ओळख पटेपर्यंत थांबावं. तळव्यात थंडगार उतरतो तो वडिलांचा हातोडा. पोटाशी फुगीर, टोकाशी निमुळती आणि मधेच एक खरखरीत चीर घेऊन येते ती वैरणीच्या विळ्याची मूठ. आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीच्या ओलाव्याला टेकून उभा असलेला कुदळीचा दांडा, ज्याच्यावरून हात वर सरकवत नेला की दोन जागी लाकूड आत गेलेलं लागतं, एक उजव्या हाताची जागा, एक डाव्या हाताची, आणि त्या दोन जागांमधलं अंतर हेच आजोबांच्या खांद्यांचं, छातीचं, उंचीचं उरलेलं एकमेव माप. फोटोत ते बसलेले आहेत.

दांड्यात उभे आहेत.

लोखंडाची झीज उघड असते. पातं अरुंद होतं, कुदळीचं टोक बोथटतं, लोहार ते भट्टीत घालून पुन्हा पुढं ओढतो. लाकडाची झीज होते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. घाम, काळी माती, शेंगतेल लागलेली बोटं, उसाच्या पाल्याची कूस यांचा थर मुठीवर चढत जातो आणि त्याच वेळी, त्याच हाताखाली, लाकूड उतरत जातं. कधीतरी अंगठ्याखाली एक खळगा पडतो. इतका उथळ की डोळ्यांना पटत नाही, आणि इतका खरा की अंगठा टेकवला की आपसूक त्यात जाऊन बसतो.

आपला अंगठा, दुसऱ्याच्या खळग्यात.

वडील कारखान्यात फिटर होते. वारणानगरचा दिवस भोंग्यावर उगवायचा, भोंग्यावरच मावळायचा. हंगामात हवेला मळीचा आंबूसगोड वास यायचा, आणि हंगाम संपला की गिरणीचे प्रचंड रोलर उघडून रिपेरीचे महिने सुरू व्हायचे. त्या महिन्यांत वडील घरी यायचे ते ग्रीसचा वास घेऊन, आणि मी कानस खेळायला उचलली की त्यांचा चेहरा बदलायचा. मूठ नसलेल्या कानशीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला धर्म होता. कानशीचं मागचं टोक चिंचोळं आणि अणकुचीदार; पुढं रेटताना कानस अडली तर ते सरळ तळहातात घुसतं. लाकडाचा तो वीतभरही नसलेला तुकडा हाडामांसाच्या आणि पोलादाच्या मधे उभा राहतो, दोघांचंही ऐकून घेतो, दोघांकडूनही झिजतो. घरात अशी एखादी व्यक्ती असते. बहुधा बाईच.

हे गाव तसं नवं. 1950च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं कोडोलीशेजारच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग वसाहत, शाळा, कॉलेज, दूध संघ असं एकेक जडत गेलं. पुढं 1998च्या सुमारास आसपासच्या गावांत कॉम्प्युटर बसवण्याचा प्रयोगही इथंच झाला. अवजारं मात्र जुनी. ती पन्हाळ्याच्या उतारावरच्या वाड्यांमधून, नदीकाठच्या गावांतून, कुणाच्या हिश्शाला आली म्हणून, कुणाच्या बैलगाडीत राहून गेली म्हणून, नांदायला आलेल्या सुनांसारखी इथं आली, आणि त्यांच्या मुठी माहेरच्याच राहिल्या.

खाली वारणा. चांदोलीच्या रानातून येते, पुढं कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची शीव धरून वाहते आणि हरिपूरला कृष्णेला मिळते. 2019च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021च्या जुलैत तिनं कुठलीच शीव मानली नाही. नदीकाठच्या आमच्या पाहुण्यांच्या वस्तीवर अवजारं पाण्याखाली राहिली. पूर ओसरल्यावर खोऱ्याचे, कुदळीचे, टिकावाचे दांडे असे घट्ट बसले होते की जणू लोखंडातूनच उगवले असावेत. सगळ्यांना तेवढाच आनंद. दिवाळी आली, उन्हं कोरडी झाली आणि एकेक दांडा खुळखुळू लागला.

ढिला दांडा रात्रभर हौदात बुडवून ठेवायचा, हा उपाय इथं ज्याला त्याला ठाऊक आहे. लाकूड पाणी पितं, फुगतं. पण भोवतीचं लोखंड जागचं हलत नाही, म्हणून फुगणारे तंतू स्वतःतच चिरडले जातात, आणि पाणी उडून गेलं की दांडा आधीपेक्षाही बारीक होतो. पाण्यानं दिलेली घट्ट पकड पाणी परत घेऊन जातं, वर व्याजही घेतं.

खरा उपाय सावकाश चालतो. दांडा काढायचा, कुदळीच्या नेढ्यातली गंजाची पूड झटकायची, आणि टोकाला चीर देऊन सुकलेल्या लाकडाची पाचर ठोकायची. दांडाच मोडला असेल तर बाभूळ शोधायची, नाहीतर सह्याद्रीतली धामण. धामण लवचीक, कुऱ्हाडीचा घाव खांद्यापर्यंत पोचू देत नाही. शिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावताहेत की मधेच वाट सोडून बाहेर पडताहेत, ते उन्हात धरून बघायचं, कारण जिथं शीर बाहेर पडते तिथंच दांडा एक दिवस मोडणार असतो. वेळू असेल तर अवसेच्या सुमारास तोडलेला बरा, त्याला भुंगा लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. मी त्यावर वाद घालत नाही.

खुरप्याची गोष्ट आणखी जवळची. मुठीला आधी बारीक भोक पाडून ठेवायचं, पात्याचं मागचं टोक भट्टीत लाल करायचं आणि दाबायचं. चर्र होतं, निळा धूर निघतो, बाभळीच्या जळक्या, तुरट वासानं डोळे भरून येतात, आणि लोखंड लाकडात आपली जागा स्वतः जाळून घेतं. जुन्या मुठीचं भोक सैल झालं असेल तर त्यात लाखेची पूड भरून तापलं टोक घुसवायचं. लाख वितळते, फटीफटीत शिरते, निवताना दोघांना धरून ठेवते. हल्ली लोक एम-सील भरतात. चालतं तेही, पण उद्या पुन्हा मूठ काढायची झाली तर लाख शेकल्यावर सोडते, एम-सील सोडत नाही. सोडायचं कसं हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच धरण्यावर माझा विश्वास बसतो.

मग फुटक्या काचेचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या धारेनं मूठ खरवडायची. पॉलिश पेपरपेक्षा काच बरी. ती केसासारखे बारीक कुरळे छिलके काढते आणि हाताला दर वेळी सांगते, इथं उंच आहे, इथं खोल. शेवटी रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे जवसाचं. ते हवा पिऊन घट्ट होतं, लाकडाच्या आत जाऊन थिजतं. तेलाचा बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नये. त्याच घट्ट होण्याच्या उष्णतेनं तो आपसूक पेटू शकतो. पसरून वाळवावा. घासावं, वाट बघावी, पुन्हा घासावं, आणि दुपारच्या तिरप्या उन्हात लाकडाच्या पोटातून तो तांबूस, मधाळ उजेड हळूहळू वर येताना बघत बसावं.

बघत बसण्यासाठीच मी हे सगळं करतो, असं बायको म्हणते.

खंडेनवमीला अवजारं धुऊन ओळीनं मांडली जातात. झेंडू, हळद, कुंकू. आमच्याकडं कुंकू पात्याला लागतं, मुठीला कुणी लावत नाही. तेव्हा मला हटकून अरणचे सावता माळी आठवतात. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. अजूनही आषाढात विठोबाचीच पालखी त्यांना भेटायला अरणला जाते. त्यांच्या खुरप्याची मूठ कशी असेल? नाम घेता घेता बोटांची पकड सैल होत असेल, की नकळत घट्ट? लाकडाला ते नक्की कळलं असणार. लाकूड खोटं झिजत नाही.

नवमी-दसरा झाला की बीडकडची माणसं ऊसतोडीला येतात. फडांच्या कडेनं कोप्या उभ्या राहतात, आणि मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी नोंद होते. त्या कोयत्यांच्या मुठी मी लांबून बघतो. लाकूड दिसतच नाही. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, सुतळी, एकावर एक घट्ट आवळलेलं. उसाचा रस हाताला चिकटतो, घाम त्यात मिसळतो, तळव्याला घट्टे पडतात; कापड घाम पितं, ट्यूब घसरू देत नाही. पट्टीचा रंग हीच कोयत्याची ओळख. ही दुरुस्ती बाजारात मिळत नाही आणि कुठल्या प्रदर्शनात मांडली जात नाही. माझ्या तेल पाजलेल्या मुठींपेक्षा ती जास्त खरी आहे, हे मला दर हंगामात मान्य करावं लागतं.

आणि आत्या. ती आमच्याकडंच राहायची, पैरा फेडायला दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची, आणि तिच्याबद्दल घरात फारसं काही बोललं जात नसे, कारण बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नसे. ती गेल्यावर तिचं खुरपं खोपटातच पडून राहिलं. मूठ चिरलेली, कडेनं खपली निघालेली. एका दुपारी ती दुरुस्तीला घेतली आणि उजव्या हातात धरून बघितली. काही केल्या बसेना. अंगठा उंचवट्यावर, बोटं भलत्याच उतारावर. सहज डाव्या हातात घेतली.

सगळं जिथल्या तिथं बसलं.

आत्या डावरी होती. जेवताना उजवा हात, वाढताना उजवा, हळदीकुंकवाला उजवा, पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या पुढं करताना उजवा. कुणीतरी लहानपणीच फटके देऊन शिकवलं असणार. पण सकाळी पात धरून ती वाकली, पदर खोचला आणि तोंड रानाकडं वळलं की कुणाची नजर नसलेला तो डावा हात मोकळा होत असणार, आणि भुईमुगाच्या ओळींतून, हळदीच्या सरींतून, कोवळ्या उसाच्या बुडातून तण उपटत उपटत एक आख्खा जन्म त्या हातानं आपली एवढी एकच खूण ठेवून दिली होती. आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. बाभळीच्या तुकड्याला ठाऊक होतं.

मी चीर लाखेनं भरली, खपली जाऊ दिली, तेल पाजलं. खळग्याला काच लावली नाही.

आमच्या रानात भांगलायला एक आक्का येतात. यंदा त्यांचं खुरपं मानेत मोडलं, तेव्हा मी आत्याचं काढून दिलं. ते पुन्हा मातीत जावं असं फार मनात होतं. आक्कांनी ते धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“दादा, ह्यो खड्डा कुणाचा?”

“आत्याचा.”

“मग आत्यालाच बोलवा की भांगलायला.” बाकीच्या बायका हसल्या. “माझा अंगठा हितं येतच न्हाई. दिसभर ह्ये धरलं तर सांजच्याला फोड येतील. काच हाय का घरात?”

मी काच आणून दिली. आक्का बांधावर बसल्या, मूठ गुडघ्याला लावली आणि सरासरा खरवडू लागल्या. काळे छिलके मांडीवर पडले, मग तपकिरी, मग तांबूस. मी तिथंच उभा. त्यांनी मूठ आवळून बघितली, अंगठा इकडून तिकडं फिरवला, आणखी दोन हात मारले.

“आता बसलं. आन् पुन्यांदा तेल लावू नगा, हात सटाकतोय,” त्या म्हणाल्या, आणि छिलके झटकून त्यांनी आपली पात धरली.