सात सेकंदांचा ठेका आणि आपला ताशावाला

मागच्या महिन्यात रात्री नऊ पस्तीसला शेजारच्या पोराचं दार वाजवलं. भिंतीतून धडधड येत होती आणि मला बातमी पाठवायची होती. दार उघडून तो शांतपणे म्हणाला, "काका, दहाला अजून पंचवीस मिनिटं आहेत."

आता दर गणपतीला रात्री दहा ते सकाळी सहाचा नियम छापणारा माणूस मीच. बोलणार काय? गुपचूप आत गेलो.

टेबलावर रेकॉर्ड प्लेअर. वर बारा इंची काळी तबकडी फिरतेय. मधल्या गोल कागदावर ना गाण्याचं नाव, ना गाणाऱ्याचं. नुसता रबरी शिक्का. म्हटलं, रेकॉर्डी तर आमच्या वडिलांबरोबर गेल्या. तर म्हणे नाही, लंडनहून मागवलीय, नवी आहे. या संगीताला 'जंगल' म्हणतात. छोटी छोटी लेबलं तीनशे-पाचशे प्रती काढतात, संपल्या की संपल्या. एका तबकडीला टपाल आणि कर धरून साडेतीन हजार मोजले पोराने. डोंबिवलीत राहून, लोकलला लटकून कमावलेले साडेतीन हजार!

ऐकायला बसलो. खाली पोटात घुमणारा संथ बेस आणि वर ढोलताशासारखा तुकडे तुकडे झालेला सुसाट ठेका. मिनिटाला एकशे साठ-सत्तर ठोके. पहिल्या मिनिटाला डोकं उठलं. तिसऱ्या मिनिटाला पाय हलायला लागला. आणि मनात आलं, अरे, ही तर तर्री आहे! विसर्जनाला दुर्गाडीच्या उतारावर ताशावाला धरतो ती.

त्यावर पोराने जी गोष्ट सांगितली ती तुम्हाला सांगायचीय. नंतर मी स्वतः वाचून खात्री करून घेतली.

१९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' नावाच्या बँडने एक रेकॉर्ड काढली. तिच्या दुसऱ्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची धून होती. मध्ये बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रमवाला एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सात सेकंद. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर नावाचं यंत्र आलं आणि लोकांनी हा तुकडा उचलला. नव्वदच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी, त्यात कॅरिबियन घरांतली पोरं बरीच, तो पळवला, कापला, उलटसुलट जोडला. त्यातून जंगल उभं राहिलं. आज हजारो गाण्यांत तो ठेका आहे. जाहिरातींतही तुम्ही तो ऐकलाय, फक्त माहीत नाही.

वाजवणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन. या ठेक्याचा एक पैसा त्याला मिळाला नाही. २००६ साली अटलांटात तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी २०१५ साली लोकांनी वर्गणी काढली, चोवीस हजार पौंड जमले. कोलमन तोवर नऊ वर्षं आधीच गेला होता.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. चरणजीत सिंग हे सिनेसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी जपानी यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, फारशी कुणी घेतली नाही. पुढे एका डच माणसाला ती जुन्या रेकॉर्डीत सापडली आणि २०१० साली पुन्हा छापली गेली. परदेशात लोक थक्क झाले. शिकागोच्या पोरांनी ज्या यंत्रातून 'ॲसिड हाऊस' काढलं, तेच यंत्र या गृहस्थांनी काही वर्षं आधी मुंबईत वापरलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर चरणजीतजी युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ साली गेले, पण मान बघून गेले.

दोघांत फरक काय? चरणजीतजींचं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरात होतं. शोधणाऱ्याला माणूस सापडला.

असो. आता मुद्द्यावर येतो.

पोराने मला स्वतःचं काम ऐकवलं. गेल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत त्याने रेकॉर्डर घेऊन एका बेंजो पथकाचा ताशा टिपला होता. त्यातले आठ सेकंद कापून त्यावर त्याने चार मिनिटांचं जंगल केलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. त्याला त्याच्या तीनशे तबकड्या काढायच्यात. मी पत्रकाराचा प्रश्न विचारला, "वाजवलंय कुणी?"

"माहीत नाही काका. कुठलंतरी पथक होतं."

रागावणार होतो. मग घरी येऊन त्याच मिरवणुकीची माझी बातमी काढली. 'बेंजोच्या तालावर तरुणाई थिरकली.' उद्घाटक, प्रमुख पाहुणे, माजी नगरसेवक, सगळ्यांची नावं आहेत. वाजवणाऱ्याचं नाही. मागची कात्रणं काढली. वीस वर्षं मी हेच वाक्य लिहितोय, कधी 'थिरकली', कधी 'बेधुंद झाली'. एकाही वादकाचं नाव नाही. पोराने एकदा केलं, मी दर वर्षी केलं.

मंडळाच्या खजिनदाराकडून नंबर मिळवला आणि दोघं कल्याण पूर्वेला गेलो. ताशावाले पन्नाशीचे. एरवी रंगकाम करतात, सीझनला आणि हळदीच्या सुपाऱ्यांना ताशा. हेडफोन लावून ऐकलं आणि हसले. "हा मीच. पण एवढी घाई मी नाही करत. आणि इथं बघा, हात अडकला होता, ते पण ठेवलंय याने!"

मग विचारलं, "किती देणार?" बरोबर विचारलं. पोराने हिशोब मांडला. तीनशे प्रती, सगळ्या खपल्या तर खर्च कसाबसा निघेल. शेवटी ठरलं की थोडी रक्कम आधी, पुढे काही सुटलं तर निम्मं, आणि तबकडीवर त्यांचं पूर्ण नाव. रबरी शिक्का नाही, छापील.

कागद मी लिहिला. लिहिण्याआधी कायदा वाचला, तो तुम्हीही वाचा. नुसता ठेका कुणाच्या मालकीचा नसतो, तो सगळ्यांचा. पण माणसाने केलेलं वादन हे त्याचं 'सादरीकरण' असतं. कॉपीराइट कायद्यात त्यावर वादकाचा हक्क आहे, पन्नास वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-बी आलं. वादक म्हणून आपली ओळख दिली जावी असं सांगायचा हक्क त्यात आहे. म्हणजे नाव लिहिणं ही मेहेरबानी नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि आमचे जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतायत, लोक रिमिक्स करून टाकतात, त्यांचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा आहे, पण रंगकाम सोडून कोर्टात कोण जाणार?

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आधी तबकडीवर येऊ दे, मग लिहा, ही त्यांचीच अट आहे. तबकडी आली की त्यांच्याकडे ती वाजवायला प्लेअर नाही. तेव्हा वडिलांचा माळ्यावरचा एचएमव्ही मी खाली काढलाय. सुई बदलायचीय. त्या छोट्या स्पीकरला हा बेस झेपणार नाही, पण नाव तरी फिरताना दिसेल.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या मंडळांना एकच विनंती. तुमच्या फ्लेक्सवर भावी नगरसेवकांचे बावीस चेहरे मावतात. पथकातल्या बारा जणांची नावं एका ओळीत मावतील. आवाज दहाला बंद करा, पण त्याआधी वाजवणारा कोण ते माइकवरून एकदा सांगा.

यंदा माझ्या बातमीत ती नावं असतील. जागा कमी पडली तर प्रमुख पाहुणे कापीन.