गारगोटीची मजुरी

कंदील विझवायच्या आधी आजी उशाखालून दोन गारगोट्या काढायची. आम्ही नातवंडं गोधडीत शिरून श्वास रोखून बघत राहायचो. कंदील विझला की अंधारात दगडावर दगड घासल्याची करकर ऐकू यायची आणि आजीच्या मुठीत मंद, पिवळसर उजेड भरायचा. ठिणगी उडायची नाही. उजेड दगडाच्या पोटातच लागायचा आणि तिथेच विझायचा. मागोमाग जळकट वास. चकमकीची ठिणगी पोलादाची असते, हा उजेड मात्र गारगोटीचा स्वतःचा, हे मला पुष्कळ पुढे कळलं. त्या वयात आजीच्या मुठीत चांदणं आहे एवढंच माहीत होतं.

तिसरी एक गारगोटी होती. ती आजी कधीच घासायची नाही. ती देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी असायची. बाहेरून ओबडधोबड, पेरूएवढी, हिरवट साल असलेली. एका अंगाने फुटलेली, आणि त्या फुटीतून आत राखाडी-निळसर पट्टे दिसायचे, एकाला एक लागून, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. अगदी मध्यभागी चिमूटभर स्फटिक. ती तिला बहात्तरच्या दुष्काळात मिळाली होती.

आमचं गाव सोयगावच्या बाजूचं, अजिंठ्याच्या डोंगराखालचं. 1972 साली पाऊस आलाच नाही. विहिरींनी तळ गाठला, गुरं दावणीतून सुटली ती परत आली नाहीत, आणि अख्खं गाव दुष्काळी कामावर गेलं. पुरुष डबर काढायचे, बाया खडी फोडायच्या. मुकादम ढिगाचं माप घ्यायचा, मापाप्रमाणे मजुरी मिळायची, आणि पोरांना सुकडी. आजी सांगायची, ‘काळा दगड फोडता फोडता मधीच एखादा खुळखुळ वाजायचा. तो आम्ही जपून फोडायचो. आत चांदणं निघायचं बाई.’ चांदण्याचा ढिगाच्या मापात काही उपयोग नव्हता. तरी तिने तेवढा एक दगड पदराच्या गाठीला बांधून घरी आणला. दिवसभर दगडच फोडणाऱ्या बाईने संध्याकाळी आणखी एक दगड उचलून आणावा, याचं मला आजही नवल वाटतं.

आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत आला. थरावर थर चढले. थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडाला पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीवर थराथराने बसली, तो झाला अकीक. मध्ये जागा उरली तर तिथे स्फटिकांना वाढायला मोकळीक मिळाली. कुठे सिलिकेऐवजी झिओलाइट बसले, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, पांढरे, गुलाबी, पिसांसारखे. हिरव्या सालीचं खनिज सेलाडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. तिथला निळा मात्र राजावर्ताचा, म्हणजे अफगाणिस्तानच्या डोंगरातून आलेला. हिरव्यासाठी चित्रकारांना डोंगर ओलांडावा लागला नाही.

या पोकळ्या सगळ्यात आधी कुणाला दिसतात? जे फोडतात त्यांना. बोरघाटातून रेल्वे न्यायला सह्याद्री फोडला गेला तेव्हा तिथून निघालेले झिओलाइट परदेशातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. पुण्याजवळच्या पाषाणचा हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. आपल्याकडे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचंच संग्रहालय उभं आहे, आणि ते प्रत्येक मराठी माणसाने एकदा पाहावं असं आहे. पण सुरुंगानंतर वाकून तो दगड ज्यांनी पहिल्यांदा हातात घेतला, त्यांची नावं कुठल्याच काचेखाली नाहीत.

आजी गेली. देवघर गावाहून छत्रपती संभाजीनगरला आमच्या घरी आलं, त्याबरोबर गारगोटीही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, तुला सोनं घालेनच, पण पणजीच्या दगडाचं काहीतरी अंगावर असू दे. लेक लगेच हो म्हणाली.

दगड रुमालात बांधून सराफ्यात गेले. दुकानदाराने तो हातात फिरवला, उजेडाला धरला आणि आपुलकीनेच म्हणाला, ‘ताई, याची मजुरीच दगडाच्या दसपट होईल. तयार अकीक घ्या की, पॉलिश केलेला, हवा त्या रंगाचा.’ त्याचं खोटं नव्हतं. सराफ्यात माणिक, पुष्कराज, गोमेद पत्रिका बघून मागितले जातात, आणि अकीक म्हटलं की लोकांना स्वस्त अंगठी आठवते. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. दगडाहून मजुरी जास्त, म्हणून काम करू नये?

खरं तर माझा हात आधी एकदा पोळला होता. वडिलांना विहिरीच्या डबरात एक ॲपोफिलाइट मिळाला होता, काचेसारखा स्वच्छ, चौकोनी टोकाचा. तो मी एका ठिकाणी पैलू पाडायला दिला होता. परत आले ते दोन तुकडे, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे सरळ सुटलेले. तेव्हा मला राग आला होता. पुढे कळलं की त्या खनिजाचा स्वभावच तसा आहे. एका दिशेने ते अलगद चिरतं, आणि मोस यांच्या कठिणतेच्या मापात ते जेमतेम 5 पर्यंतचं. क्वार्ट्झ आणि अकीक 7 च्या आसपास. रोजच्या धुळीत क्वार्ट्झचेच कण असतात, म्हणून 7 पेक्षा मऊ दगड अंगठीत घातला तर तो नुसत्या पुसण्यानेही हळूहळू आंधळा होतो. झिओलाइटही असेच, कपाटात ठेवून बघायचे, अंगावर घालायचे नाहीत. फर्दापूरला किंवा वेरूळला कुणी पर्यटकाला स्फटिकांची वाटी विकायला आलं की लोक विचारतात, याचं लॉकेट होईल का? होणार नाही. आणि आतला रंग फारच भडक असेल, तर तो बहुतेक वेळा वरून दिलेला असतो. निसर्गाचा जांभळा इतका ओरडत नाही.

आजीचा दगड मात्र अकीक होता. तो टिकणार होता. कापणारा हवा होता, आणि त्यासाठी मला गुजरातमधल्या खंबायतला जावं लागलं.

एका अर्थी ही वाट फार जुनी आहे. पैठण आमच्या शहरापासून 50 किलोमीटरवर. इसवीच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटांच्या वृत्तात पैठण येतं. भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पट्टेदार अकीक मोठ्या प्रमाणात बंदराला येतो, असं त्यात नोंदलेलं आहे. कसा येतो? गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून. पैठणच्या पूर्वेचं तेर त्यात तगर नावाने आहे. तेरच्या मातीतून पावसाने उघडे पडलेले मणी आणि मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या, आणि त्यांच्याच नावाचं संग्रहालय आज तिथे आहे. भोकरदनच्या उत्खननातही मणी निघाले. सातवाहनांच्या काळात इथल्या बाया हे मणी ओवून घालत होत्या. आज त्याच मुलखात एक अकीक कापून घ्यायचा तर मला गुजरात गाठावं लागलं. हा हुन्नर आपल्या हातून कधी सुटला, याची खंत मला खंबायतच्या गाडीत बसल्या बसल्या फार वाटली. आणि गाड्या रस्त्याविना जात होत्या हे वाचताना मला आजीच दिसली होती. ती खडी फोडत होती ती रस्त्यासाठीच.

खंबायतचा अकीक नर्मदेपलीकडच्या रतनपूरच्या खाणींतून येतो. तिथे टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. सिद्दी समाजाचे हे पीर अकीकवाल्यांचे राखणदार मानले जातात. कच्चा दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. दगडातलं पिवळं लोह तापून लाल होतं, आणि मातकट गोटा सूर्यास्ताच्या रंगाचा होऊन बाहेर येतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच मारतो. टवका निघतो तो हातोडीच्या बाजूने नाही, टोकाच्या बाजूने. किती जोरात मारायचं हे सांगता येत नाही म्हणे, हाताला कळतं. आता पुष्कळ कामं विजेच्या यंत्रांवर गेली, पण ही घडाई अजून दाखवणारे हात तिथे आहेत.

माझा दगड एका म्हाताऱ्या कारागिराने घेतला. त्याने तो आधी पाण्यात बुडवला. ओल्या दगडात तडे लगेच दिसतात. ‘बेन, हा हातोडीने फुटलेला आहे. मार लागलेल्या अंगाला चिरा असणार. ते अंग जाईल.’ मी विचारलं, भट्टीत घालून लाल करणार का? तो म्हणाला, यात लोह नाही, लाल होणार नाही, पांढुरका मात्र होईल. असाच राहू द्या. मला हेच हवं होतं. आजीचा दगड राखाडीच हवा होता.

हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या करवतीने त्याने पहिला काप काढला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग त्याने तो काप उजेडाला धरला. बाहेरून मळकट दिसणारे पट्टे पाण्यातून बघितल्यासारखे झाले, एकात एक मिटलेले, आणि मध्ये स्फटिकांची छोटीशी कोठडी. तो काप त्याने तसाच ठेवला, लॉकेटसाठी. उरलेल्यातून अंगठीपुरता एक तुकडा निवडला, काडीच्या टोकाला लाखेने चिकटवला आणि फिरत्या चाकावर धरला. अकीकाला सहसा पैलू पाडत नाहीत. पैलू पारदर्शक दगडाला, कारण तिथे आत गेलेला उजेड तळाशी आपटून परत यायला हवा. अकीकात उजेड आत जातो आणि तिथेच रेंगाळतो, म्हणून त्याला वरून घुमटी आणि खालून सपाट असा घाट देतात. एकामागून एक बारीक चाकं, आणि शेवटी झिलई. पेरूएवढ्या दगडातून अंगठीसाठी हाती आलं ते चिंचोक्याहून थोडं मोठं. बाकीचं टवक्यांत आणि चुऱ्यात गेलं.

त्या चुऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. कोरड्या चाकावर घासला तर तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, श्वासातून फुप्फुसात बसते आणि तिथे वण करते. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर औषध नाही, वर क्षयाचा धोका वाढतो. खंबायतच्या घसाई कामगारांत हा रोग किती आहे, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासून मांडलेलं आहे. काम घरोघरी चालतं, त्यामुळे चाकापाशी न बसणाऱ्यांनाही धूळ चुकत नाही. ओळीने लटकलेल्या लाल माळा बघितल्या की आता मला आधी त्या ओवणाऱ्या घराचा श्वास आठवतो. माझ्या कारागिराच्या चाकावर पाण्याची धार होती, तोंडाला फडकं होतं. तरी बोलता बोलता तो खोकायचा. मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, ‘जुना आहे. तेव्हा पाणी नव्हतं.’

मजुरी त्याने सांगितली तेवढी दिली. एक रुपया कमी करा म्हणायची हिंमत झाली नाही, इच्छाही झाली नाही.

परत येऊन त्याच सराफाकडे गेले. त्याने अंगठीचा दगड फार वेळ बघितला. कोंदण मागून उघडं ठेवायचं असं त्यानेच सुचवलं, म्हणजे उजेडाला आत यायला वाट राहील. चांदीत बसवलं. सोन्याचा पिवळा या राखाडी रंगावर चढून बसला असता. पावती झाली तेव्हा चांदीचं वजन, चांदीचा भाव आणि घडणावळ लिहिली गेली. दगडाच्या रकान्यात त्याने पेन टेकवलं, माझ्याकडे बघितलं आणि आडवी रेघ मारली.

लग्नात लेकीच्या बोटात ती अंगठी होती. रात्री मांडव शांत झाल्यावर तिने दिवा मालवून ती मुठीत धरली, आजीसारखी. झिलई केलेला एकटा दगड काही उजळत नाही. त्याला घासायला दुसरा लागतो. उरलेल्या टवक्यांतले दोन मी तिला देऊन ठेवले आहेत.

तुमच्याही घरात फडताळात, तुळशीच्या कट्ट्यावर, एखाद्या जुन्या डब्यात शेतातून आलेली अशी गारगोटी पडून असेल. काचेवर ओरखडा काढत असेल तर ती कापून घ्या, अंगावर घाला. लेणी आणि त्यांचा परिसर यांतून मात्र एक खडाही उचलू नका. आणि कारागिराच्या दारात गेलात की दगड दाखवायच्या आधी त्याच्या चाकावर पाणी पडतंय का ते बघा, आणि तो सांगेल ती मजुरी द्या.