तेलाचा हात

कागदाला तहान असते. नव्या कार्डशीटचा गठ्ठा सोडून कापायला बसलं की ती हळूहळू कळते. सुरुवातीला ताव हाताला गार लागतात, गुळगुळीत लागतात. मग बोटांची पेरं कोरडी ठक्क पडतात, आणि आणखी थोड्या वेळानं कागद बोटाला धरतच नाही; एक ताव उचलायला जावं तर दोन निसटतात. बँकेतले रोखपाल समोर ओल्या स्पंजची डबी ठेवायचे आणि वाणी नोटा मोजताना जिभेला बोट लावायचा, ते काही उगाच नव्हे.

यात कागदाचा दोष नाही. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि त्यांना ओलीचं भारी वेड. हवेतली ओल, शाईतली, खळीतली, तशीच आपल्या बोटावरची. जे मिळेल ते पिऊन घ्यायचं. चकचकीत कागदावर चिनी मातीचा किंवा खडूच्या जातीच्या भुकटीचा हात फिरवलेला असतो, ती तर बोटं आणखीच कोरडी करते. त्यातून तळहात मूळचा गरीब. त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी अंगावर जवळजवळ सगळीकडे आहेत, कपाळावर आणि नाकावर तर सढळ आहेत, पण तळहातावर आणि तळपायावर एकही नाही. घामाच्या ग्रंथी मात्र तिथं दाटीवाटीनं. म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये तळवा भिजतो, पण त्याला स्वतःचं तेल कधीच नसतं. असतं ते सगळं उसनं.

आमच्याकडे कोजागरी झाली की कंदिलाचं काम निघतं. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्यानं आवळायच्या, पतंगाचा कागद मापानं कापायचा, वाटीभर मैद्याची खळ शिजवायची. सगळ्यात वेळखाऊ काम झिरमिळ्यांचं. ताव घडीवर घडी घालून लांबट करायचा, वरची दोन बोटं पट्टी सोडून खालचा भाग बारीक कातरत जायचा, मग ती पट्टी खळ लावून गुंडाळायची. हे सगळं हाताच्या ज्या भागावर येतं तो फार लहान: अंगठ्याची आतली कड आणि तर्जनीचं पहिलं पेर. घडी बसवायला चमच्याची पाठ वापरावी हे माहीत असतं, तरी अंगठाच पुढे होतो. तिथली कातडी आधी चमकते, मग पांढरट पडते, तिच्यावरच्या रेषा उठून दिसायला लागतात, आणि एक दिवस नखाच्या कोपऱ्याशी ती उलते. चीर एवढीशी, रक्तसुद्धा येत नाही. पण ब्लाऊजचं हुक लावताना डोळ्यांत पाणी येतं.

कागद कापतो ते वेगळंच. 2024 मध्ये डेन्मार्कमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी कोणता कागद बोट कापतो याचा रीतसर अभ्यास केला. फार पातळ कागद वाकतो, जाड कागद बोथट पडतो; मधला, साधारण 65 मायक्रोमीटर जाडीचा, सगळ्यात घातकी. मासिकांचा कागद असतो तो याच आसपास. वाचकांनी पान जपून उलटावं.

आता या कोरड्या हाताला तेल लावावं म्हटलं तर कागद ते चालवून घेत नाही. तेलाचा एक ठिपका पडला की तंतूंमधल्या पोकळ्यांत हवेच्या जागी तेल भरतं, उजेड आरपार जायला लागतो आणि तो डाग पुन्हा म्हणून जात नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक संस्कृत श्लोक हमखास लिहीत. त्यात पोथी स्वतःच गयावया करते, की मला तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, बांधणी ढिली पडू देऊ नका, आणि एवढं करून मूर्खाच्या हाती देऊ नका. दुसऱ्या एका श्लोकात लेखनिकाचं गाऱ्हाणं आहे: पाठ मोडली, कंबर मोडली, मान धरली, मूठ आवळून आवळून हे लिहिलंय, तेव्हा जपा. मूठ आली, पण मुठीवरची कातडी काही त्या श्लोकात आली नाही. बहुधा त्याला घरी भांडी घासावी लागत नसावीत.

कागद करणाऱ्यांची कातडी तर कुणाच्याच श्लोकात नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि इकडे जुन्नरला कागद व्हायचा तो जुन्या चिंध्या, दोरखंड, गोणपाट असलं काहीबाही चुन्यात मुरवून, कुटून, धुऊन. मग त्या लगद्याच्या हौदात हात घालून एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, त्याला कांजी द्यायची आणि दगडानं घोटायचा. पेशव्यांच्या दफ्तरातले रुमाल सोडले की तो घोटीव कागद आजही हाताला लागतो. त्या तावांमागं चुन्यानं खाल्लेली किती बोटं असतील, असा विचार मला दर वेळी येतो, आणि नंतर मी चहा करायला उठते. विचारानं बोटं बरी होत नाहीत.

तर तेल आणि पाणी. पोथीचे हे दोन्ही वैरी बाईच्या हातावर दिवसभर मुक्कामाला. सकाळी कणीक तिंबताना तेल, मग ओटा, मग फडकं, मग भांडी, मग पुन्हा ओटा. पाण्यानं हात मऊ पडतील असं वाटतं, होतं उलटंच. हात वारंवार भिजला आणि वाळला की उडून जाणारं पाणी आतली ओलही घेऊन जातं. पाणी कढत असेल तर आणखी लवकर. आणि साबण. निरोगी त्वचा किंचित आंबट असते, तिचा सामू 5 च्या आसपास. अंगाच्या वडीचा 9 ते 10. भांड्यांच्या पावडरीला तुपाची चिकटी आणि कातडीतली स्निग्धता यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही सारख्याच निष्ठेनं खरवडून काढते. पूर्वी राख होती आणि नारळाची शेंडी होती. राख म्हणे सौम्य! चुलीच्या राखेचं पाणी चांगलं खारट अल्कली असतं. जुन्या बायकांचे हात मऊ होते ही आठवण बहुधा नातवंडांची. त्या हातांनी गालावरून कुरवाळलं की खरबरीत लागायचं, तेही आपल्याला मऊच वाटायचं.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस यात सगळ्यात वाईट. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन कोरडं, आणि कागद आणि पाणी दोघांचंही काम एकाच वेळी निघालेलं. माळा झाडायचा, डबे धुवायचे, समया आणि पितळी तांबे चिंचेनं घासायचे. उललेल्या अंगठ्यात चिंचेचं पाणी शिरलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते. पाठोपाठ हिरव्या मिरच्या चिरल्या तर मग बघायलाच नको. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून नळाखाली हात धरून काही होत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबणानं धुवायचं. माझी आई हे करायची. का ते कधी सांगत नसे, ‘आधी तेल’ एवढंच.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी परवा उशिरा आल्या. रेशनच्या रांगेत अडकल्या होत्या.

“काय झालं मावशी?”

“अंगठाच उठंना मशीनवर. पुसून लावला, धुऊन लावला. मशीन म्हनतंय, ह्यो तुमचा न्हाईच. मग मागची बाई म्हनली, कपाळाला घासा आन् मग लावा. घासला, तर उठला की!”

“मग मिळालं का धान्य?”

“मिळालं. पर रेशन बी कपाळावरच मिळतंय म्हना!” आणि त्या हसत हसत भांड्यांना लागल्या.

मावशींचा अंगठा मी नंतर उजेडात धरून पाहिला. मधल्या फुगीर भागावर शंख की चक्र ते सांगता येणार नाही, इतका सपाट. कडेला मात्र काळसर भेगा, त्यांत भांड्यांची पावडर बसलेली. ठशाच्या यंत्राला नुसत्या रेषा पुरत नाहीत, थोडी ओलही लागते. कोरड्या बोटाचा ठसा तुटक उठतो. आणि कपाळावर तेलाच्या ग्रंथी आहेत, अंगठ्यावर नाहीत, हे रांगेतल्या त्या बाईला कुठल्याही पुस्तकाविना ठाऊक होतं. मी मावशींना रबरी हातमोजे आणून दिले. ते खिडकीत लटकले आहेत. “भांडं हाताला कळत न्हाई ताई,” त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. कढईची चिकटी डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळते. मोज्याच्या आत घाम साचून हात पुन्हा भिजतो तो निराळाच. आत सुती मोजा घातला तर निभतं, पण दोन दोन मोजे चढवून घरोघरी भांडी कोण घासणार?

औषधं सांगणारे पुष्कळ. लिंबू चोळा म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. लिंबू सरबतात बरं, उललेल्या कातडीवर नव्हे. सायीत चिमूटभर हळद घालून चोळणं छान वाटतं, पण मग कागदावर हळदीचे ठसे. ग्लिसरीन-गुलाबपाणी चांगलं, ग्लिसरीन ओल ओढून धरतं. त्यातली गंमत अशी, की ग्लिसरीन साबण करतानाच आपोआप तयार होतं. बरेच कारखाने ते साबणातून काढून वेगळं विकतात. म्हणजे वडीनं हात कोरडे करायचे आणि त्याच कढईतलं ग्लिसरीन बाटलीतून विकत आणून लावायचं. शतधौत घृत मी एकदा माहेरी होताना पाहिलंय. तांब्याच्या परातीत तूप आणि पाणी तळव्यानं फेटत राहायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, असं शंभर वेळा. शेवटी तुपाचा रंग जातो, वास जातो, लोण्यासारखा पांढरा गोळा उरतो. पण ज्या हातांसाठी ते करायचं त्याच हातांनी शंभर वेळा परात फिरवायची, हे मला जरा अतीच वाटतं.

कपाटात मराठी घराची ठरलेली कैलास जीवनची डबी असतेच, कापराच्या वासाची. शेजारी व्हॅसलीन. त्याची कथा मला आवडते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना मेणचट काळं किटण धरायचं आणि कामगार तेच भाजल्या-कापल्या हातांना फासायचे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनज्ञानं ते पाहिलं, शुद्ध केलं आणि 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. विकताना तो लोकांसमोर स्वतःच्या हाताला चटके देऊन त्यावर ते लावून दाखवायचा. पेटंट त्याचं असेल, शोध त्या कामगारांच्या हातांचा.

माझी मदार मात्र मुठेलावर. कोकणात कोकमाच्या बिया फोडून, कुटून, उकळून त्यांचं तेल काढतात आणि थिजत आलं की मुठीत दाबून त्याचे लांबट मुटके करतात. पिवळट-पांढरं, नखानं खरवडलं तर ठिसूळ, वास जवळपास नाही. वितळतं ते चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे मेच्या रत्नागिरीतही फडताळात दगडासारखं घट्ट राहतं. पळीत जरासं पातळ करून भेगेत सोडायचं. ते आत उतरतं आणि तिथंच थिजतं, भेग बुजून जाते. टाचांसाठी ते सगळ्यांना माहीत असतं. हातांसाठी कुणी काढत नाही, कारण हात रिकामे सापडत नाहीत.

खरं गुपित औषधात नाहीच, वेळेत आहे. तेल काही कातडीत ओल भरत नाही, असलेली ओल उडू देत नाही. ते झाकण आहे, आणि रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग? म्हणून आधी हात कोमट पाण्यात बुडवायचे, टिपायचे, पुरते वाळू द्यायचे नाहीत, आणि लगेच तेल. मुठेल, व्हॅसलीन, खोबरेल, काहीही. वरून जुने सुती मोजे, पायाचे चालतात. पण हे रात्रीच जमतं, कागद आवरल्यावर, ओटा पुसल्यावर, विरजण लावल्यावर, दुसऱ्या दिवशीचे छोले भिजत टाकल्यावर. ही यादी कधी संपत नाही, तेव्हा ती मध्येच कुठेतरी तोडावी लागते.

नरक चतुर्दशीला पहाटे आम्ही सगळ्यांना तेल लावतो. नवऱ्याच्या पाठीला, लेकाच्या डोक्याला, सासूबाईंच्या गुडघ्यांना. त्या दिवशी माझे तळवे सगळ्यात मऊ असतात. लोकांच्या अंगावरून उरलेलं तेल त्यांना मिळालेलं असतं आणि उटण्यानं ते पुरतं निघतही नाही. वर्षभर त्यांचं असंच चालतं: चकलीच्या भाजणीतलं मोहन, पोळीवरचं बोट, लाडू वळतानाचं तूप. स्वतःच्या वाट्याचं असं काही नाही. यंदा कंदील लवकर लागला, झिरमिळ्याही झाल्या, तेव्हा ठरवून वाटीभर मुठेल आणवलं आणि जेवणं झाल्यावर खुर्चीत बसून एकेक बोट धरून लावायला लागले. अंगठ्याची कड, तर्जनीचं पेर, नखाचे कोपरे. तेलाचे हात झाले की माणूस काही म्हणजे काही करू शकत नाही. पुस्तकाला हात लावता येत नाही, मोबाईल उघडत नाही, दाराची कडी निसटते, अंगावर शाल ओढायचीसुद्धा पंचाईत.

“आई, रिमोट कुठंय?”

“माझे हात तेलाचे आहेत. तूच शोध.”

“आणि बाबांना पाणी हवंय.”

“तेही तूच दे.”