आमच्या घरची फियाट

मोटार म्हणजे श्रीमंतीची खूण, असा समज आमच्या बाळपणी सार्वत्रिक होता. आमचे वडील साधे नोकरदार; तरीही १९६८ साली बरकतपुऱ्यातील आमच्या दारात फियाट अकराशे उभी राहिली. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे गाडी आली तेव्हा गल्लीतील बायकांनी तिला ओवाळले, याचे कोणासही नवल वाटले नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या वाचकांस तिची निराळी ओळख नको. आमच्या फियाटचीच नात ती पद्मिनी; तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. फियाट ही मूळची इटलीतील तुरीन शहराची कंपनी, १८९९ साली स्थापन झालेली. पण आमची गाडी घडली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात. त्या उद्योगाचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे जन्माने सोलापूरचे. आमचे आजोळही तेथलेच. म्हणून वडील गाडीला ‘माहेरवाशीण’ म्हणत आणि दर मे महिन्यात तिला माहेरी नेत.

जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग अशी तीनशे किलोमीटरांची ती वाट. इंजिन अवघे १०८९ सीसीचे आणि माणसे आठ! गिअरचा दांडा स्टीअरिंगलगत असल्यामुळे पुढची बैठक बाकासारखी सलग होती. तीवर वडील, मध्ये आजी आणि कडेला थोरला भाऊ. मागे आई, आत्या व एकमेकांच्या मांडीवर आम्ही धाकटी तिघे. डिकीत ट्रंका, आणि पायांशी पाण्याचा फिरकीचा तांब्या. तो सांभाळणे हे आमचे काम.

आता आजीच्या त्या मधल्या जागेवर आई बसते. तिचे वय नव्वदीच्या घरात आहे. नव्या गाड्यांत पुढे दोन सुटी आसने असतात. तेथे तिला एकटीने तोल सांभाळावा लागतो. फियाटमध्ये दोन्हीकडून आपले माणूस खेटून बसते, म्हणून दवाखान्यात जाताना ती हीच गाडी मागते.

आमचे चिरंजीव म्हणतात, “बाबा, हिला ना एअरबॅग, ना आजीच्या जागी पट्टा.” बोलणे खरे आहे, आणि ते ऐकून आम्ही सोलापूरची वाट गाडीला कायमची बंद केली. काचीगुडा, नारायणगुडा आणि दवाखाना, एवढेच आता तिचे जग. तेही सकाळी, रस्ते मोकळे असताना. सुटे भाग राणीगंजच्या बाजारात शोधल्यास अजून सापडतात. मात्र शोधणाऱ्यास सवड हवी, आणि सेवानिवृत्तांजवळ ती असते.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. हे शुल्क ६०० रुपये होते. २०२२ साली ५,००० झाले आणि वीस वर्षांपुढील गाड्यांस २०२५ पासून १०,००० रुपये पडतात. आमची मुदत येत्या दिवाळीस संपते. विकावी की ठेवावी, यावर घरात दोन रविवार वाद झाला. आई काहीच बोलली नाही. त्यामुळेच बहुधा निकाल लागला. चौघा भावंडांनी अडीच-अडीच हजार काढावयाचे ठरले. पुण्याच्या बहिणीने आपला वाटा पाठविलाही. तपासणीपूर्वी मागचे ब्रेक नवे करावयाचे आहेत. मिस्त्री शुक्रवारी येतो म्हणाला आहे.