पेटीमास्तरांचं देणं

सूर कानात कसा मुरवायचा हे मला भिवापूरच्या एका टेलरने शिकवलं. गावात त्यांना सगळे पेटीमास्तर म्हणत, मीही तसंच म्हणतो. आज नागपुरात आमचा बँड स्वतः लिहिलेली, स्वतः बांधलेली मराठी गाणी वाजवतो. लोक ऐकायला येतात, टाळ्या देतात. त्या टाळ्यांमध्ये ज्यांचा वाटा आहे, त्यांची नावं कोणत्याही पोस्टरवर कधी छापली गेली नाहीत. त्यांचं देणं निदान कागदावर तरी मांडावं, म्हणून हे लिहितो आहे.

भिवापूर हे नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवरचं, उमरेडच्या पुढचं तालुक्याचं गाव. बाहेर ते ओळखलं जातं भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीमुळे. जिल्हा नागपूर, पण एका अंगाला भंडारा जिल्ह्यातली पवनी आणि दुसऱ्या अंगाला चंद्रपूर जिल्ह्यातली नागभीड आणि चिमूर. त्यामुळे गाणं आमच्याकडे चहूबाजूंनी आलं. चिमूरकडून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आली, नागभीड-ब्रह्मपुरीकडून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं रात्रभराचं नाटक आलं, नागपूरहून भीमगीतं आणि कव्वाली आली. आणि खडी गंमत तर गावाच्या मातीतलीच. माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची. तिथे ठसक्याने डोळ्यांना धारा लागलेल्या असतानाही बाया एका सुरात गात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. कोरस म्हणजे काय, हे मी तिथे पाहिलं.

पेटीमास्तरांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. दिवसभर शिवणयंत्र आणि संध्याकाळ झाली की पेटी. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला ते साथ करत. 14 एप्रिलला भीमगीतांच्या मंचावर तेच बसत. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री खडी गंमतीला पेटी लागली तर तेच, आणि कुणाच्या घरी तेरवीचं भजन असलं तरी तेच. पेटी तीच, बसण्याची ढबही तीच. एखाद्या ठिकाणी जरा सैल वाजवलं, एखाद्या ठिकाणी जीव ओतला, असं मी कधी पाहिलं नाही. लहानपणी मला वाटायचं की सगळेच वादक असे असतात. ती किती दुर्मीळ गोष्ट होती, हे नागपुरात गेल्यावर कळलं.

त्यांनी मला फी घेऊन शिकवलं नाही, वहीत काही लिहूनही दिलं नाही. मी दुकानात बटणं लावत बसायचो. ते मधेच यंत्र थांबवून एखादी ओळ गुणगुणायचे आणि विचारायचे, "सांग बाबू, कोनता सूर?" चुकलं तर पुन्हा गुणगुणायचे, रागवायचे नाहीत. त्यांचा एकच धडा माझ्या पुढच्या सगळ्या वाजवण्याचा पाया झाला. ते म्हणायचे, "पयले गाणाऱ्याचा गळा पाय, मंग आपली पेटी." गाणाऱ्याची पट्टी विचारल्याशिवाय त्यांनी कधी भात्याला हात लावला नाही. समोर दहा वर्षांची पोरगी असो की नावाजलेला शाहीर, हा मान दोघांना सारखा मिळे.

दुसरं देणं ढोलकीवाल्या काकाजींचं. ते मिरचीच्या बाजारात हमाली करत. दिवसा ज्या पाठीवर पोती, रात्री त्याच अंगात ढोलकी. खडी गंमत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात शाहीर आणि साथीदार उभ्याने गातात, ढोलकी, डफ आणि तुणतुणं सोबतीला. दुय्यम म्हणजे सामना ठरला की कलगी आणि तुरा असे दोन फड समोरासमोर येतात. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे, त्याच चालीत जवाब द्यायचा. रात्र अशीच सरते. शाहिराचा ताल हलला तर जवाब कोसळतो, म्हणून सगळी भिस्त ढोलकीवर. काकाजींचे डोळे शाहिराच्या ओठांवर असायचे. ओळ एका मात्रेने लांबली तरी धूम, म्हणजे ढोलकीचा खर्जातला ठोका, त्या मात्रेसाठी थांबून राहायची आणि शाहीर श्वास घेऊन बरोबर समेवर उतरायचा.

आता विचार करा. खडी गंमतीची ही मंडळं स्वतःचे शब्द लिहितात, स्वतःच्या चाली बांधतात, वाद्यं स्वतःच्या मजुरीच्या पैशातून घेतात, गावोगाव स्वतः फिरतात. त्यांच्यामागे ना रेकॉर्ड कंपनी, ना प्रायोजक. शहरातले आम्ही ज्या स्वतंत्र संगीताचा अभिमान मिरवतो, त्याची प्रत्येक अट या माणसांनी कितीतरी आधीपासून पाळलेली आहे.

कॉलेजसाठी मी नागपूरला गेलो. तेव्हा नागभीडहून नागपूरच्या इतवारीला जाणारी छोटी रेल्वे धावत होती. 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली. त्या गाडीतून मी गिटार नेली आणि शहरात पोचल्यावर पहिल्यांदा कळलं की संगीताला मजले असतात. सर्वांत वर शास्त्रीय, त्याखाली नाट्यगीत आणि भावगीत. त्यापासून फटकून इंग्रजी गाणी वाजवणारे बँड. त्या बँडमध्येही उतरंड होती: स्वतःची गाणी करणारे वर, दुसऱ्यांची वाजवणारे खाली, इंग्रजीत लिहिणारे वर, मराठीत लिहिणारे खाली. लग्नात वाजवणारा ऑर्केस्ट्रा तळाशी. खडी गंमत तर कुणाच्या मोजणीतच नव्हती. एका गायनवर्गात मला सांगितलं गेलं, की आधी हाताची तमाशाची सवय मोड, मग ये. मित्रांसोबत एका स्पर्धेत वाजवलं तेव्हा परीक्षक म्हणाले, ढोलकी काढून टाका, मग हा बँड वाटेल. ज्या मुलांना घरी बोलावून मी आईच्या हातचं खाऊ घातलं होतं, त्यांतल्या काहींनी त्यावर मान डोलावली. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि आजही तो राग मला योग्यच वाटतो. काकाजींच्या मात्रेचं मोल ज्याला ऐकू येत नाही, त्याला संगीताचा न्यायाधीश म्हणून बसवायचं कशाला?

हा अहंकार नागपूरच्या इतिहासालाही शोभत नाही. याच शहरात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात वसंतराव देशपांडे शिकले आणि सी. रामचंद्रही शिकले. एकाच गुरूच्या हाताखालून एक जण शास्त्रीय आणि नाट्यसंगीतात गेला, दुसऱ्याने हिंदी चित्रपटसंगीताला नवा डौल दिला. वसंतरावांना तर शुद्धतेच्या आग्रही मंडळींनी घराणं कोणतं, म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं. ज्या नाटकाने त्यांना घरोघरी पोचवलं ते 'कट्यार काळजात घुसली' 1967 मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा ते पन्नाशीच्या जवळ पोचले होते आणि तोवरचं बहुतेक आयुष्य सरकारी नोकरीत गेलं होतं. आज सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. ज्या गळ्याकडे एके काळी दाखला मागितला, त्याच्याच नावाच्या छताखाली बसून आपण दुसऱ्या कुणाकडे दाखला मागावा, हे मला पटत नाही.

शहरी बँडना लोकसंगीताचं वावडं असावं लागतं, असंही नाही. कोलकात्यात 1975 मध्ये गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी 'मोहिनेर घोडागुली' हा बँड काढला. त्यांनी गिटारसोबत बाउलांचं गाणं उराशी धरलं. त्या काळी त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. पुढे नव्वदच्या दशकात नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि त्या खोऱ्यातलं 'मा रेवा' त्या बँडने देशभर पोचवलं. आणि लोकसंगीताची ताकद पाहायची तर आमच्या चिमूरचं उदाहरण घरचंच आहे. ऑगस्ट 1942 मध्ये तिथे लोक उठले, त्यांच्या ओठांवर तुकडोजी महाराजांची भजनं होती आणि त्याच महिन्यात सरकारने महाराजांना अटक केली. एका हातात मावणाऱ्या खंजिरीची ताकद इंग्रज सरकारने ओळखली होती.

आमचा बँड उभा राहिला तो एका सुट्टीत, भिवापूरला. सातऱ्यावरच्या बायांवर मी एक गाणं लिहिलं होतं. नागपुरात महिनोन्‌महिने तालीम करूनही त्यात जीव येत नव्हता. ड्रमर पोरगा हुशार, पण ठेका सरळ पडायचा, झोल यायचा नाही. मी सगळ्यांना गावी घेऊन गेलो. पेटीमास्तरांनी दुकानातलं कापड बाजूला सारून जागा करून दिली. गाणं दोनदा ऐकलं आणि गायिकेला विचारलं, "माय, तुले एवढ्या वर गाताना त्रास होते का?" तिने हो म्हटलं. आमच्यापैकी कुणी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. गाणं दोन सुरांनी खाली आलं आणि तिचा आवाज मोकळा झाला. मग काकाजींनी ढोलकी घेतली. चाट आणि धूम यांच्यामध्ये किती थांबायचं ते त्यांनी ड्रमरला पुन्हापुन्हा वाजवून दाखवलं. पोराने धूम पायातल्या ड्रमवर घेतली, चाट स्नेअरवर घेतली आणि संध्याकाळपर्यंत गाणं चालायला लागलं. निघताना काकाजी त्याला म्हणाले, "तुया हातात चांगली लय हाय, भेऊ नोको." त्या मुलाला नागपुरात इतकं मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. आजही ते गाणं आम्ही त्याच पट्टीत आणि त्याच ठेक्यात वाजवतो.

माझी पहिली कमाईही झाडीपट्टीचीच. पेटीमास्तरांच्या शब्दावर एका नाटक मंडळीने मला ऑर्गनवाल्याच्या मदतीला बसवलं. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की वडसा म्हणजे देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटे संपतं, गावंच्या गावं तिकीट काढून येतात. ऑर्गन, ढोलक आणि ऑक्टोपॅडवर बसलेल्यांनी प्रवेशाप्रवेशाला, नटाच्या श्वासागणिक वाजवायचं. डोळा लागला तर नट उघडा पडतो. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात घराघरांत आनंद झाला. पण त्या नाटकांना रात्रभर सूर पुरवणाऱ्या वादकांची नावं अजूनही शहरातल्या संगीतरसिकाला ठाऊक नाहीत.

पेटीमास्तर आता नाहीत. काकाजी थकले आहेत, ऐकू कमी येतं, तरी ढोलकी समोर ठेवली की हात सरळ होतात. गावात मिरवणुकीला डीजे आला, खडी गंमतीच्या सुपाऱ्या कमी झाल्या. पेटीमास्तरांची पेटी त्यांच्या घरच्यांनी माझ्या हवाली केली आहे आणि ती आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी त्या दोघांचं नाव घेतो. एवढ्याने देणं फिटत नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून नागपूरच्या माझ्या तरुण मित्रांना आणि आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. या दिवाळीनंतर एखाद्या मंडईला या. झाडीपट्टीच्या नाटकाचं तिकीट काढा, खडी गंमतीला पहाटेपर्यंत बसा. तुमच्या महोत्सवात एका शाहिराच्या फडाला बोलवा, त्यांना पूर्ण वेळ द्या, बँडइतकंच मानधन द्या आणि पोस्टरवर ढोलकीवाल्याचं नाव तुमच्या गिटारवाल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. आपल्याला ठेका देणारी ही माणसं हयात आहेत, तोवरच हे करता येईल.