मोजून कॉफी

मुलगी-जावई चौदा वर्षांनी न्यू जर्सीहून कायमचे परत आले, तेव्हा त्यांचं सामान जहाजानं न्हावा-शेव्याला आणि तिथून ट्रकनं आमच्या कोथरूडच्या घरी येऊन पडलं. त्यांच्या बाणेरच्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता. यथावकाश तो मिळाला, खोकी हलली, पण कॉफीचं यंत्र मागे राहिलं. "आई, हे तुम्हाला राहू दे," लेक म्हणाली. एवढं औदार्य का, ते मागची पट्टी वाचल्यावर समजलं. यंत्र 120 व्होल्टचं होतं. आपल्या भिंतीतून येतात 230.

हे बँकेतून निवृत्त झालेले, फुकट मिळालेली वस्तू वाया जाऊ देणार नाहीत. तपकीर गल्लीत गेले आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. यंत्र 1500 वॉटचं म्हणून दुकानदारानं दोन केव्हीएचा गळ्यात मारला. रिक्षावाल्यानं आणि यांनी मिळून तो वर चढवला. ओट्याखाली पूर्वी आमचा पाटा-वरवंटा असे, त्या जागी तो बसला. वजन साधारण तेवढंच, फक्त पाटा कधी गुणगुणत नसे. हा सारखा घूंऽऽ करतो.

यंत्राचं काम तसं बघण्यासारखं आहे. वरचं झाकण उचलायचं, आत प्लास्टिकची छोटी डबी ठेवायची आणि दांडा खाली दाबायचा. एक सुई डबीला वरून भोक पाडते, दुसरी खालून. वरून गरम पाणी शिरतं, आतल्या पुडीतून आणि कागदाच्या गाळणीतून झिरपतं, मिनिटाभरात खाली कॉफी. मुलगी त्या डबीला पॉड म्हणते, आम्ही डबीच म्हणतो. तिनं 96 डब्यांचं एक अख्खं खोकं ठेवलं होतं. हेझलनट, व्हॅनिला, आणि काळीकुट्ट 'डार्क रोस्ट'.

पहिल्याच दिवशी ओटा भिजला. बटणं तीन: सहा, आठ आणि दहा औंस. सहा औंस म्हणजे जवळजवळ 180 मिली, आणि आमच्या कपबशीतल्या कपात मावतं 120. कप भरला, बशी भरली, तरी यंत्र आपलं ओततंच आहे. त्याला थांबवायचं कसं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी यांनी माझ्या आमटीची वाटी खाली धरली. मग त्या पाणचट काळ्या द्रवात दूध घातलं तर तो कोमट झाला, साखर घातली तर गोड कोमट झाला. मी वरून जायफळ किसलं. लेकीला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तिनं डोक्याला हात लावला.

पण सवय लागते. पंधरा दिवसांत मला सकाळची हेझलनट लागायला लागली. मोठे मग आणले, दूध आधी वेगळं तापवायला शिकले. आणि त्याच सुमारास मी मोजायलाही लागले.

आमच्याकडे कॉफी कधी कुणी मोजली नव्हती. पातेल्यात दूध-पाणी, चमचाभर पूड, वेलदोडा नाहीतर जायफळ. तेवढ्यात कुणी टपकलं तर अर्धा कप पाणी वाढवायचं. माझ्या सासूबाई तीन माणसांच्या कॉफीत पाच माणसं बसवत आणि पाचांपैकी एकालाही ते कळत नसे. डबीत पाणी वाढवता येत नाही. म्हणजे वाढवता येतं, दहा औंसाचं बटण दाबून, पण मग ते कुणी प्यायचं? एक माणूस, एक डबी. खोक्यातली एक गेली की गेली, आणि लेकीनं सांगितलं होतं की एक साधारण चाळीस रुपयांना पडते. मी एक डबी कात्रीनं कापून आतली पूड काट्यावर घातली. साडेनऊ ग्रॅम. म्हणजे किलोला चार हजारांच्या वर! आमची चिकोरी घातलेली पूड किलोला हजाराच्याही आत येते.

हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं त्या जॉन सिल्वनचंही मत माझ्यासारखंच निघालं. त्यानं मित्राबरोबर 1992 मध्ये अमेरिकेत क्युरिग कंपनी काढली, 1998 मध्ये यंत्र आधी ऑफिसांत गेलं, घरोघरी नंतर. त्याआधीच, 1997 मध्ये, तो आपला वाटा पन्नास हजार डॉलरला देऊन बाहेर पडला होता. पुढे मुलाखतीत त्यानं सांगितलं की त्याच्या स्वतःच्या घरी हे यंत्र नाही, वापरायला महाग पडतं, आणि डब्यांचा कचरा बघून आपण हे कशाला काढलं असं कधी कधी वाटतं. हे ऐकून यांना फार बरं वाटलं. "बघ, शोध लावणारासुद्धा हिशेबी माणूस होता."

एका रविवारी यांची टेकडीवरची मंडळी आली. सहा जण. अमेरिकन कॉफीची कीर्ती टेकडीवर पोचली होतीच. मी खोकं पुढे केलं, प्रत्येकानं आपापली डबी निवडली, लग्नातल्या पानाच्या तबकातून विडा उचलावा तशी. मग रांग. एकाची होईपर्यंत बाकीचे बघत उभे, मध्ये पाण्याची टाकी संपली, ती भरली. सहाव्याच्या हातात मग येईस्तोवर पहिल्याची निवून गेली होती. तरी मंडळी खूश. निघताना जोशीकाका म्हणाले, "वहिनी, ती व्हॅनिला अजून अर्धा कप मिळेल का?"

मी म्हटलं, "अहो, पाणीच संपलंय."

पाण्याची टाकी त्यांच्या डोळ्यांदेखत मी दोनच मिनिटांपूर्वी भरली होती. काका "बरं बरं" म्हणाले आणि चपला घालायला लागले. पस्तीस वर्षं या घरात आले-गेलेल्यांचं करतेय, पण 'नाही' म्हणायची ही माझी पहिली वेळ असावी. तीही चाळीस रुपयांसाठी. दुपारभर मी कपाट आवरत बसले.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, वापरलेल्या डब्या पुन्हा भरायच्या. चोथा तुळशीला घातला, डबी धुतली, आपली पूड दाबून भरली, वर ॲल्युमिनियमचा कागद ताणून बसवला. आपली पूड त्यांच्यापेक्षा बारीक, शिवाय मी ती ठासलेली. पाण्याला वाट मिळेना. यंत्र कण्हलं, थरथरलं, आणि झाकणाच्या कडेनं चोथ्यासकट काळं पाणी उडालं ते थेट फरशांवर, कॅलेंडरवर, यांच्या सदऱ्यावर. खालच्या सुईत पूड अडकली. प्लग काढून, सेफ्टी पिन सरळ करून ती उकरण्यात माझा तास गेला. बाजारात यासाठी जाळीची डबी मिळते, पुन्हा पुन्हा भरता येते आणि तिच्यात जाडसर दळलेली पूडच घालायची असते, हे लेकीनं सांगितलं. नंतर.

पुढच्या रविवारी मंडळी आली तेव्हा मी पातेलं चढवलं. जोशीकाकांना दोन कप दिले. त्यांनी यंत्राबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

खोकं रिकामं होत आलं तेव्हा उरलेल्या डब्या मी स्टीलच्या डब्यात काढल्या आणि यांनी झाकणाच्या कागदावर पेन्सिलनं '11' लिहिलं. कोणी पाहुणा आला तर असू देत म्हणून आम्ही दोघंही त्यांना हात लावत नव्हतो. गेल्या बुधवारी मी सहज झाकण उघडलं, तर दहा. पुन्हा मोजल्या. यांना विचारलं, तर पेपर खाली न घेता म्हणाले, "तूच घेतली असशील." मी घेतलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी जरा बेतानंच बोलत होतो.

भांडी घासायला मावशी आल्या. मी डबा हातात घेऊन उभी, तो बघून त्याच म्हणाल्या, "त्यातली एक मी प्याले वं ताई. तुम्ही सोमवारी भिशीला गेल्ता, तवा काकांनी करून दिली. मी नको म्हनत हुते." मग आवाज खाली आणून, "लई कडू. निम्मी मोरीत वतली मी. काकांना नका सांगू."

मी पेन्सिल शोधली आणि अकराचे दहा केले.